छोटी बाइक गुदमरते, ॲव्हरेज पडतं? स्क्रूला हात लावण्याआधी या चुका टाळा

शंभर-सव्वाशे सीसीची गाडी कुरकुरायला लागली की बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, स्क्रूकडे जातो. सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. काल नीट चाललेल्या गाडीचा स्क्रू रातोरात आपोआप फिरत नाही. बिघाड दुसरीकडेच असतो, आणि स्क्रू हलवला की मूळ सेटिंगही हातचं जातं. त्याआधी एवढंच बघा की गाडी नेमकी केव्हा त्रास देते. थंड असताना, तापल्यावर, सिग्नलला उभी असताना, की ठरावीक अंतर कापल्यावर?

हे मी फार उशिरा शिकलो. माझी जुनी गाडी सात-आठ किलोमीटर झाले की गुदमरून बंद पडायची आणि दहा मिनिटं थांबलं की काहीच न झाल्यासारखी सुरू व्हायची. प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा उघडला. एकदा बंद पडल्यावर सहज टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स करून हवा आत गेली. झाकणातलं हवेचं बारीक भोक धुळीने बुजलं होतं! पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा टाकीत यावी लागते. ती आली नाही की आत पोकळी धरते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. भोक साफ केलं आणि त्रास संपला. ठरावीक अंतरावर बंद पडणारी गाडी असेल तर आधी झाकण उघडून बघा, याला एक पैसा लागत नाही.

पळताना ठीक पण ॲक्सिलरेटर सोडला की बंद पडते, अशी तक्रार असेल तर संशय पायलट जेटवर घ्या, म्हणजे कार्बोरेटरमधल्या कमी वेगाला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि चिकट थर उरतो. त्या थराने सगळ्यात आधी हेच बारीक भोक बुजतं. ते तारेने कोरू नका. पितळ मऊ असतं, भोक किंचित जरी मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो. उलट, हळू चालवताना छान पण पूर्ण पिळल्यावर गाडी ओढत नसेल, तर पेट्रोल कॉकची (टाकीखालच्या तोटीची) जाळी, दुमडलेली नळी आणि मेन जेट (जास्त वेगाला पेट्रोल सोडणारं भोक) बघा.

प्लग नुसता बदलून टाकू नका, आधी वाचा. दहा-पंधरा मिनिटं चालवून आल्यावर गाडी निवू द्या आणि काढा. टोक तांबूस-करडं असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, मग एअर फिल्टर चोंदलाय का आणि चोक (थंड गाडी सुरू करताना पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी कळ) अर्धवट अडकून राहिलाय का ते पाहा. पांढरंफटक म्हणजे पेट्रोल कमी किंवा कुठून तरी जादा हवा ओढली जातेय. तेलकट ओलं काळं दिसलं तर पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील तपासून घ्या. तो दोष कार्बोरेटरमधून सुटणारा नाही.

एका चुकीबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण ती काळजीपोटीच होते. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधल्या बारीक फटीची, टकटक ऐकवत नाही म्हणून लोक ते घट्ट करून घेतात. गाडी शांत होते, पण ही फट ठेवलेली असते ती व्हॉल्व्ह पूर्ण बसावा म्हणून. अशा छोट्या इंजिनात ती साधारण 0.05 ते 0.10 मिमी असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. फट संपली की तापल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, पिकअप जातो, गरम गाडी सुरू व्हायला त्रास देते आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. फट मोजायची ती इंजिन पूर्ण थंड असतानाच.

जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल टाकून पिकअप वाढेल ही आशाही सोडा. ऑक्टेन म्हणजे नॉकिंग (इंजिनात पेट्रोल अवेळी भडकून होणारी खडखड) सोसण्याची क्षमता, ताकद नव्हे. इथेनॉलमध्ये मात्र लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच असते, त्यामुळे मिश्रित इंधनावर ॲव्हरेज थोडं उतरणं स्वाभाविक आहे. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, म्हणून गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करा.

इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी पंपाने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत स्क्रूचा प्रश्नच नाही. तिथे किल्ली फिरवल्यावर पंपाची घरघर थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद द्या, आणि सुरू होत नसेल तर आधी बॅटरी तपासा. टाकी सतत तळाला नेऊ नका. पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं.

इंजिनला दोष देण्याआधी गाडी मेन स्टँडवर लावून, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवा. लगेच थांबलं तर ब्रेक घासतोय किंवा चेन जास्त ताणली आहे. टायरमधली हवाही थंड टायरवर बघा. ॲव्हरेज मोजायचं ते टाकी फुल ते टाकी फुल, दोन्ही वेळा गाडी मेन स्टँडवर ठेवून आणि निदान दोन-तीन टाक्यांची सरासरी काढून.