ओके प्रॉम्प्टवर जायचं, पण रीतसर

स्पार्क प्रोसेसरच्या सर्व्हरच्या सपोर्टला नवीन लागलात की 'मशीन ओकेला आण' हे लवकरच कानावर येतं. ओके म्हणजे ओपनबूटचा प्रॉम्प्ट. सोलॅरिस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या खालचं हे फर्मवेअर, म्हणजे मशीनमध्येच बसवलेला प्रोग्राम, फोर्थ भाषेवर उभं आहे. 1994 साली आयईईई 1275 या नावाने त्याचं मानकही झालं. बूट कुठून करायचं, डिस्क दिसतात का, हे सगळं इथून कळतं.

आधी डेटाबेसवाल्यांना डेटाबेस बंद करायला लावा. कन्सोल हाताशी आहे ना, तेही बघा, कारण एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून केलेलं लॉगिन, तुटणार आणि ओके फक्त कन्सोलवर दिसणार. मग 'इनिट 0' ही कमांड द्या, ती सोलॅरिस रीतसर बंद करून ओकेवर आणते. लोक कामात असतील तर 'शटडाऊन' बरा, तो सगळ्यांना सूचना देतो आणि काही सांगितलं नाही तर 60 सेकंद थांबतो. मात्र त्याला आय शून्य हा पर्याय द्या, नाहीतर तो सिंगल युजरमध्येच, म्हणजे फक्त देखभालीपुरत्या चालू सोलॅरिसमध्ये, थांबेल. 'हॉल्ट' सर्व्हिसेसच्या स्टॉप स्क्रिप्ट चालवत बसत नाही, म्हणून चालू प्रॉडक्शनवर मी तो वापरू देत नाही.

कीबोर्डवर स्टॉप आणि ए एकत्र दाबणं (स्टॉप-ए) किंवा सिरीयल कन्सोलवरून ब्रेक सिग्नल पाठवणं, हा आडमार्ग. त्याने सोलॅरिस बंद होत नाही, आहे तिथे गोठतो, आणि डिस्कवर न गेलेला डेटा मेमरीतच राहतो. चुकून असं झालं तर इकडेतिकडे काही टाइप न करता 'गो' मारा, काम पुढे सुरू होतं. मशीन खरंच अडकलं असेल तर 'सिंक': ते मुद्दाम पॅनिक घडवतं, म्हणजे सोलॅरिस पाडतं, मेमरीची प्रत (क्रॅश डंप) घेतं आणि रीबूट करतं. कारण शोधायला तो डंप सोन्यासारखा. आणि हो, जुना टर्मिनल बंद केला तरी कधीकधी ब्रेक जातो! म्हणून सोलॅरिस 10 पर्यंत कीबोर्डच्या सेटिंगच्या केबीडी फाइलमध्ये 'अल्टरनेट' ठेवलेलं बरं, मग साध्या ब्रेकने मशीन थांबत नाही.

ओकेवर आल्या आल्या डिस्क दिसतात का बघायला 'प्रोब-स्कझी-ऑल' मारायचा मोह होतो. हॉल्ट किंवा स्टॉप-ए झालेल्या मशीनवर तो लटकू शकतो, आधी 'रीसेट-ऑल' लागतो. पण रीसेटनंतर मशीन आपोआप बूट होऊ नये म्हणून ऑटो-बूट आधी फॉल्स करा. काम संपलं की ट्रू. ते राहून गेलं तर वीज जाऊन आल्यावर सर्व्हर ओकेवरच बसून राहील. विसरलातच, तर सोलॅरिस चालू असतानाही 'ईईप्रॉम' कमांडने ते बदलता येतं, त्यासाठी परत खाली उतरावं लागत नाही.