पहिली पेंटबॉल गन घेताना काय बघायचं आणि घेतल्यावर ती नीट कशी ठेवायची

पहिली गन घ्यायची म्हटली की सगळे डायरेक्ट गनच बघायला लागतात, कुठली फास्ट, कुठली भारी दिसते वगैरे. पण आधी मास्क घ्या. बजेट कमी असेल तर गन भाड्याची वापरा आणि मास्क स्वतःचा, चांगला, डबल लेन्सवाला घ्या, कारण सिंगल लेन्सवर थोडं पळालं की वाफ धरते, मग दिसत नाही, मग माणूस वैतागून मास्क वर करतो आणि नेमका तेव्हाच समोरच्याने मारलेला रंगाचा गोळा येतो. डोळ्यावर बसला तर डोळा जाऊ शकतो. मास्क पेंटबॉलचाच पाहिजे, एएसटीएम एफ१७७६ (पेंटबॉल मास्कचं सुरक्षा मानक) लिहिलेलं बघा, एअरसॉफ्टचा किंवा वर्कशॉपचा गॉगल चालत नाही.

आता गन. नवीन माणसाने मेकॅनिकलच घ्यावी हे माझं स्पष्ट मत. इलेक्ट्रॉनिक गनचा ट्रिगर हलका असतो, फायर पटापट होतो, मजा येते मान्य, पण त्यात बॅटरी आली, सर्किट बोर्ड आला, सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) आला, आणि बिघडलं की नेमकं कुठे बिघडलंय ते नवख्याला कळत नाही. मेकॅनिकलमध्ये स्प्रिंग, बोल्ट (गोळा बॅरलमध्ये ढकलणारा भाग), व्हॉल्व्ह (गॅस सोडणारी झडप) आणि थोड्या ओ-रिंग (गॅस गळू न देणाऱ्या रबरी कड्या), एवढाच संसार. टिपमन ९८ या गनचं नाव सगळे याच कारणाने घेतात, दणकट आहे, चिखलात पडली तरी चालते, फक्त वजनाला जड आणि आवाज मोठा. प्लॅनेट एक्लिप्स कंपनीची ईमेक पण मेकॅनिकलच, पण आतून वेगळी, झटका कमी आणि नाजूक गोळा सहसा आत फुटत नाही. दोन्हीपैकी कुठलीही चालेल. मी तर म्हणतो घेण्याआधी एकच परीक्षा घ्या, मॅन्युअल बघून त्या गनचा बोल्ट तुम्हाला स्वतःला बाहेर काढून परत बसवता येतो का. नसेल येत तर ती तुमची पहिली गन नाही.

साइज .६८ कॅलिबरचीच (म्हणजे ०.६८ इंची गोळ्याची) घ्या, बहुतेक मैदानांवर तेच गोळे मिळतात. .५० वाल्या लहान मुलांच्या कमी जोराच्या खेळासाठी ठीक. लांबलचक बॅरलच्या (नळीच्या) नादाला लागू नका, १२ ते १४ इंच भरपूर झालं, लांब बॅरलने गोळा लांब जातो हा निव्वळ गैरसमज आहे. बॅरलपेक्षा गोळ्याचं माप महत्त्वाचं. बॅरल गनवरून काढून हातात घ्या, त्यात एक गोळा टाका, नुसता घरंगळून खाली पडला तर बॅरल सैल, अडकून बसला आणि हलकी फुंकर मारली की सुटला तर जमलं, आणि जोर लावूनही हलेना तर तो पेंट (म्हणजे ते गोळे) त्या बॅरलमध्ये वापरूच नका, आतच फुटणार.

मग गॅसचा विषय, गोळा त्याच्याच जोरावर सुटतो. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) की कॉम्प्रेस्ड एअर (दाबून भरलेली हवा)? एअर. सीओटू टँकमध्ये लिक्विड असतो आणि त्याचं प्रेशर तापमानावर चालतं, म्हणजे सकाळी गारव्यात तुम्ही गोळ्याचा स्पीड सेट केला आणि दुपारी टँक उन्हात तापला की तीच गन लिमिटच्या वर मारायला लागते, आणि उलट सलग फायर केलं की टँक गार पडतो आणि गोळे पुढ्यातच पडायला लागतात. वर तो लिक्विड गनमध्ये शिरला की ओ-रिंग गोठून तडकतात. एअरच्या टँकला रेग्युलेटर (प्रेशर कमी करून देणारा भाग) असतो, ३००० किंवा ४५०० पीएसआय (प्रेशरचं माप) आत भरलेलं असलं तरी गनकडे साधारण ८०० च्या आसपास स्थिर प्रेशर जातं. घेण्याआधी आपण खेळतो तिथे ४५०० पर्यंत भरून मिळतं का तेवढं विचारून घ्या.

टँकवर हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने टँकची मजबुती तपासतात त्याची) तारीख असते, कार्बन फायबरवाल्याची टेस्ट साधारण दर ५ वर्षांनी लागते, तारीख उलटली की शहाणा माणूस भरून देत नाही. सेकंड हँड घेताना पहिली ती तारीखच बघा. आणि एक गोष्ट जिवावरची आहे म्हणून सांगतो, टँक गनवरून काढताना पूर्ण टँक फिरला पाहिजे, कधीकधी पितळी व्हॉल्व्ह गनमध्येच राहतो आणि खालची बाटली तेवढी सुटायला लागते, तशी सुटली तर ती रॉकेटसारखी उडते, यात माणसं मेलेली आहेत. उपाय सोपा, व्हॉल्व्ह आणि बाटली जिथे मिळतात तिथे दोन्हीवरून नेलपॉलिशची एक उभी रेघ ओढा. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले की हात थांबवा आणि टँक जाणकाराकडे द्या, स्वतः आवळत बसू नका. टँकमध्ये हवा भरायच्या निपलला (तोटीला) तेल ग्रीस काही लावायचं नाही, हाय प्रेशर हवा आणि तेल एकत्र आलं की आग लागू शकते.

आता साफसफाई, खेळून आलात की त्याच दिवशी करा, पेंट वाळला की चिकटून बसतो. आधी हॉपर (गोळे भरायचा डबा) काढा, मग टँक काढा, गन सुरक्षित दिशेला धरून उरलेला गॅस फायर करून टाका, आणि त्यानंतरच बॅरल आणि बोल्ट. हा क्रम बदलू नका, आणि हे सगळं होईपर्यंत मास्क तोंडावर. पेंट पाण्यात विरघळतो त्यामुळे कोमट पाण्यात ओला केलेला फडका आणि बॅरलमधून ओढायचं स्क्विजी (नळी आतून पुसायचं साधन) एवढ्यावर काम होतं. इलेक्ट्रॉनिक असेल तर पाणी बोर्डाकडे जाऊ देऊ नका. मास्कची डबल लेन्स पाण्यात बुडवून ठेवू नका, दोन थरांच्या मध्ये पाणी गेलं की लेन्स गेली.

बोल्ट बाहेर आला की ओ-रिंग बोटाने फिरवून बघा, उजेडात धरलं की कापलेली, चपटी झालेली लगेच दिसते. ओ-रिंगचं एक पाकीट बॅगेत कायम ठेवा, फार स्वस्त वस्तू आहे आणि गन बंद पडायचं कारण बऱ्याचदा तीच असते. सुंऽऽ असा आवाज येतोय पण कुठून ते कळत नसेल तर जोडाजोडावर थोडा साबणाचा फेस लावा, बुडबुडे येतील तिथे लीक. टँकच्या तोंडाची ओ-रिंग सगळ्यात आधी तपासा. वंगण मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेच, स्प्रिंगवाल्या जुन्या पद्धतीच्या गनला तेलाचे थोडे थेंब, ईमेकसारख्यांना ग्रीसचा पातळ हात. डब्ल्यूडी-४० अजिबात नको, ओ-रिंग फुगतात.

स्पीड प्रत्येक वेळी खेळण्याआधी क्रोनोवर (गोळ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) बघायचा, बाहेरच्या मैदानात साधारण २८० ते ३०० एफपीएस (सेकंदाला इतके फूट), इनडोअरला त्याहून कमी, मैदानवाले सांगतील तेच फायनल. पेंट बदलला की परत बघा, कारण गोळ्याच्या फिटिंगवर स्पीड बदलतो. गोळे उरले तर पुढच्या वेळेसाठी गार कोरड्या जागी ठेवा, पिशवी अधूनमधून उलटीपालटी करा, जिलेटिनचं कवच आहे, दमट हवेत फुगतं आणि मग बॅरलमध्येच फुटतं. बरेच दिवस खेळणार नसाल तर गनची बॅटरी काढा, टँक गनवरून काढून त्यात थोडं प्रेशर शिल्लक ठेवा म्हणजे आत ओल जात नाही, त्याच्या आट्यांवर टोपण लावा आणि बॅरलवर कव्हर चढवून मगच बॅगेत टाका.