पॉवरफुल गाडीसाठी मागचा दणकट ॲक्सल कसा निवडायचा

इंजिनची पॉवर वाढवली की पुढचा प्रश्न येतोच, आता मागचा ॲक्सल कुठला टाकू, आणि विचारणारे फक्त हॉर्सपॉवर सांगतात. पण ॲक्सल मोडतो तो टायरनं रस्ता घट्ट धरल्यावर. टायर घसरला तर जास्तीचा जोर तिथंच निघून जातो, नाही घसरला तर सगळा ताण शाफ्टवर आणि क्राउन-पिनियनवर, म्हणजे ॲक्सलमधल्या मोठ्या आणि छोट्या गिअरच्या जोडीवर. म्हणून आधी टायर ठरवा, ॲक्सल नंतर.

आता हिशोब करू. इंजिनचा टॉर्क, पहिल्या गिअरचा रेशो आणि फायनल रेशो (क्राउन-पिनियनचा रेशो) यांचा गुणाकार करा. ५०० न्यूटन मीटर, ३ आणि ३.७३ धरले तर ५६०० च्या आसपास येतात. मग दुसरा आकडा काढा, निघताना मागच्या चाकांवर येणारं वजन समजा ९०० किलो, टायरची त्रिज्या ०.३३ मीटर आणि ग्रिप १ धरली तर टायर पेलतो तो टॉर्क फक्त २९०० च्या घरात. या दोघांतला जो लहान तोच ॲक्सलवर येणारा ताण. ड्रॅग स्लिक, म्हणजे ड्रॅग रेसचे जास्त ग्रिपवाले गुळगुळीत टायर, लावले की दुसरा आकडा झपकन वर जातो. शिवाय मॅन्युअल गाडीत क्लच एकदम सोडला तर जो झटका बसतो तो या हिशोबात येतच नाही, त्यामुळं मॅन्युअलवाल्यांनी एक पायरी वरचाच ॲक्सल बघावा.

मग शाफ्ट बघा. स्टील तेच असेल तर पिळाची ताकद जाडीच्या घनानुसार वाढते. ३१ स्प्लाइनचा (टोकावरच्या खाचांचा) शाफ्ट साधारण १.३ इंच जाड, ३५ चा १.५ इंच, म्हणजे थोडीशी जाडी वाढली की ताकद जवळपास दीडपट!

सॉलिड ॲक्सलमध्ये, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड घरात जोडलेल्या ॲक्सलमध्ये, नेहमी ऐकू येणारी नावं तीन. फोर्ड ८.८, फोर्ड ९ इंच आणि डाना ६०, ज्याचा क्राउन ९.७५ इंचाचा. ८.८ हलका आणि रस्त्यावरच्या गाडीला बऱ्याचदा पुरतो, पण त्यात शाफ्ट आतल्या टोकाला सी-क्लिपवर (C आकाराच्या छोट्या कडीवर) धरलेला असतो, शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो, म्हणून रेसिंगसाठी तो भाग बदलून घ्याच. ९ इंचात शाफ्ट बाहेरच्या टोकाला धरलेला असतो, पिनियनला दातांपलीकडच्या आतल्या टोकाला जादा बेअरिंग मिळतं आणि अख्खा गिअरसेट पुढून काढता येतो. फक्त त्याचा पिनियन बराच खाली बसतो, त्यामुळं घर्षणात थोडी पॉवर जाते. डाना ६० दणकट पण जड, आणि स्प्रिंगखालचं वजन वाढलं की खडबडीत रस्त्यावर गाडी उडते. मला विचाराल तर गरज नसताना डाना घेऊ नका.

रेशो निवडताना एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, ३.७३ वरून ४.१० वर गेलात की पिनियनचे दात कमी होतात आणि पिनियन बारीक होतो. रस्त्यावर चालवायची असेल तर लिमिटेड स्लिप डिफरन्शियल घ्या, ते वळणात चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतं. स्पूल नको, त्यानं दोन्ही चाकं कायमची जोडली जातात, वळणातही एकाच वेगानं फिरतात आणि टायर घासतात.

ऑर्डर देण्याआधी मापं घ्या. चाक जिथं टेकतं त्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंतची रुंदी, नटांचा पॅटर्न, स्प्रिंगच्या बैठकींमधलं अंतर, ब्रेकचं माउंटिंग, प्रोपेलर शाफ्टची लांबी, क्रॉसचा (प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याचा) साइज. रिमचा ऑफसेट, म्हणजे रिम किती आत-बाहेर बसतं ते, आधी ठरला नसेल तर रुंदी मोजून उपयोग नाही. जुना ॲक्सल घेत असाल तर शाफ्ट बाहेर काढून स्प्लाइन सरळ आहेत का बघा, पिळलेल्या दिसल्या तर ते शाफ्ट घेऊच नका.

बसवल्यावर बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) कंपनीनं दिलेल्या मापात आणि दात एकमेकांना टेकल्याचा पॅटर्न मधोमध हवा. नवीन गिअर लगेच जोरात ताणू नका, १५-२० मिनिटं आरामात चालवून पूर्ण गार होऊ द्या, असं दोन-तीनदा करा आणि ८०० किलोमीटरच्या आसपास तेल बदला. तेलात बारीक करडी पूड दिसली तर चालतं, पण हाताला लागणारे तुकडे सापडले तर गाडी थांबवून कव्हर उघडा.