भारद्वाज पक्ष्याच्या नावाचा माग कसा काढायचा

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जायची पण गरज नाही, खारघर, ऐरोली, घोडबंदर, जिथे थोडी झाडी उरलीय तिथे सकाळी कुंपणाखाली बघा. काळाकुट्ट, विटकरी पंखांचा, लालभडक डोळ्यांचा, उडायचा कंटाळा असल्यासारखा झुडपातून चालत सुटणारा पक्षी दिसला की तोच भारद्वाज. दिसला की शुभ म्हणून लोक हात पण जोडतात. नावाचा शोध घ्यायचा तर नुसतं भारद्वाज गूगल करू नका हां, गोत्र, आडनावं आणि लग्नाची स्थळं यांचाच ढीग येतो, पुढे ‘पक्षी’ लिहा.

पण गूगलच्या आधी माणसांना विचारा, खरी मजा तिथेच आहे. बिल्डिंगमधल्या कोकणातल्या आजींना फोटोच्या आधी आवाज ऐकवा, ते घुमल्यासारखं कूप कूप कूप. कुणी कुकुडकोंबा म्हणेल, कुणी कुक्कुडकुंभा, कुणी कुंभारकावळा नाहीतर सोनकावळा, यूपीचे वॉचमन काका महोख सांगतील. प्रत्येक नावापुढे सांगणाऱ्याचं गाव आणि तालुका लिहून ठेवा, नाहीतर नंतर नुसती यादी उरते. मग वेगळी करा, पहिली दोन सरळ आवाजावरून आलीत, पुढच्या दोन्हीत कावळा आलाय तो रंगरूपामुळे, बाकी कावळ्याशी नातं शून्य, हा कोकिळेच्या कुळातला, फक्त अंडी दुसऱ्याच्या घरट्यात न टाकता स्वतः घरटं बांधून पिल्लं वाढवणारा.

आता कोश उघडा. मोनियर-विल्यम्सचा १८९९ चा संस्कृत कोश ऑनलाइन फुकट आहे, त्यात भरद्वाज आणि भारद्वाज दोन्ही शोधा. भरद्वाज हे ऋषी, त्यांच्या वंशातला तो भारद्वाज (द्रोणाचार्य पण भारद्वाजच), आणि पक्षी म्हणून तिथे चक्क चंडोल दिलाय! म्हणजे संस्कृतातला भारद्वाज वेगळा आणि आपल्या कुंपणातला वेगळा, त्यामुळे जुन्या श्लोकात नाव दिसलं की लगेच हाच पक्षी समजू नका.

शास्त्रीय नाव पण फोडून बघा, सेंट्रोपस सायनेन्सिस. सेंट्रोपस म्हणजे ग्रीकमध्ये काट्याच्या पायाचा, कारण मागच्या एका बोटाला लांब सरळ नखी असते, सायनेन्सिस म्हणजे चीनचा. याचं इंग्रजी नाव कूकल, ते फ्रेंचमधून आलंय, कोकीळ आणि चंडोल या दोघांची फ्रेंच नावं जोडून, कारण अशी नखी चंडोलाला पण असते. परत चंडोलच! पण फ्रेंच लोकांनी संस्कृत वाचून नाव ठेवलं असं काही नाहीये, त्यांनी पाय बघितला.