हाड खाणाऱ्या पेशी वाढवताना

जळगाव-धुळ्याकडे एम.एस्सी. करून हाडांच्या प्रतिकारशास्त्रात शिरायचं असेल, तर रिसेप्टरांची (पेशीवरच्या, बाहेरचा इशारा घेणाऱ्या प्रथिनांची) यादी पाठ करत बसू नका. आधी 'रँक' हा एक रिसेप्टर पक्का करा. त्याला रँक-एल हे प्रथिन चिकटलं की मॅक्रोफेजच्या (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या) कुळातली पेशी हाड खाणारी ऑस्टिओक्लास्ट बनते. ओपीजी हे शरीरातलंच दुसरं प्रथिन रँक-एलला वाटेतच धरतं; 2010 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं डेनोसुमॅब हे औषधही तेच करतं. मात्र एकट्या रँकने भागत नाही. डॅप-12 आणि एफसी-गॅमा या जोडसाखळ्यांवरून (इशारा पेशीच्या आत पोचवणाऱ्या प्रथिनांवरून) दुसरा इशारा लागतो. दोन्ही नसलेल्या उंदरांची हाडं झिजायची थांबून दगडासारखी घट्ट होतात.

सुरुवात रॉ 264.7 या उंदराच्या मॅक्रोफेज पेशींवर करा. पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून) मिळतात. 96 खणांच्या प्लेटमध्ये खणाला 2,000 ते 5,000 पेशी, मिलिलिटरला 50 नॅनोग्रॅम रँक-एल, दर दोन दिवसांनी ताजं मिडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव. चौथ्या-पाचव्या दिवशी ट्रॅप स्टेन, म्हणजे ऑस्टिओक्लास्टमधल्या ट्रॅप या एन्झाइमवर चढणारा रंग. रंग घेतलेल्या आणि तीन किंवा जास्त केंद्रकांच्याच पेशी मोजायच्या. अजून दोन दिवस थांबलात तर मोठ्या पेशी मरून प्लेटपासून सुटतात, आणि औषधाने काम केलं असं उगाच वाटतं.

खरा घोळ एंडोटॉक्सिनचा, म्हणजे बॅक्टेरियाच्या आवरणातल्या विषारी घटकाचा. बॅक्टेरियात बनवलेल्या रँक-एलमध्ये किंवा तुम्ही औषध म्हणून तपासत असलेल्या वनस्पती-अर्कात ते असू शकतं, आणि पेशीवरचा टीएलआर-4 हा रिसेप्टर त्याला लगेच ओळखतो. गंमत अशी, की रँक-एलच्या आधी एंडोटॉक्सिन पोचलं तर ऑस्टिओक्लास्ट बनणं अडतं. रँक-एल लागून गेल्यावर पोचलं तर उलट वाढतं. म्हणजे 'अर्काने हाड वाचवलं' हा निष्कर्ष निव्वळ घाणीचाही असू शकतो. म्हणून एका खणात एंडोटॉक्सिनला बांधून निकामी करणारं पॉलिमिक्सिन-बी घालून बघाच. उकळलेल्या रँक-एलचा खणही ठेवा: उकळल्यावर प्रथिन मोडतं, एंडोटॉक्सिन टिकतं. हे दोन कंट्रोल नसलेला आलेख गाईडपुढे न नेलेला बरा.

मिडियममध्ये घालायच्या सिरमच्या (रक्तद्रवाच्या) दोन-तीन लॉटचे नमुने आधी मागवा. एकात भरपूर ऑस्टिओक्लास्ट, दुसऱ्यात एकही नाही, असं होतं. पसंत पडलेला लॉट वर्षभराचा घ्या, तोही डिसेंबर-जानेवारीत. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात पार्सल पडून राहिलं, तर कोरडा बर्फ उडून जातो आणि सिरम वितळतं. रँक-एल विरघळवल्यावर 10-10 मायक्रोलिटरच्या नळ्या करून उणे 80 अंशांवर ठेवा. लाईट जाऊन वितळलेली नळी पुन्हा गोठवू नका, फेका.