कॅमवरचा मऊ पट्टा

जळगाव एमआयडीसीतील आमच्या डाळ मिलच्या पॅकिंग मशीनचा ईएन-८ पोलादाचा कॅम, म्हणजे फिरताना रोलरला ढकलणारी एका बाजूने टोकदार चकती, टोकाशी वारंवार झिजत असे, आणि कडक करायला गॅसने तापवून पाणी दिले की वाकडा होई. म्हणून तो पुण्याहून लेझर हार्डनिंग करून आणला. लेझरचा झोत पृष्ठभाग न वितळवता सुमारे ९०० अंशांपलीकडे तापवतो आणि आतला थंड गाभाच ती उष्णता ओढून घेतो. त्यामुळे पाणी-तेलाशिवाय जेमतेम मिलिमीटरभर थर कडक होतो, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

तरीही खाच पडलीच. कडकपणा तपासायला कानस घासली तर ती सगळीकडे घसरली, पण टोकाजवळच्या एका अरुंद पट्ट्यात चावली. कॅमभोवती फिरलेल्या लेझरच्या फेरीचा शेवट सुरुवातीवर चढल्याने तेथील कडक भाग पुन्हा तापून मऊ पडला होता. नव्या कॅमवर हा सांधा, जिथे रोलरचा दाब सर्वांत कमी असतो त्या मागच्या गोलाईवर घ्यायला सांगितला. ते टोक अजून शाबूत आहे.