हरिहरेश्वर ते गणपतीपुळे पायी: आधी तिथी धरा, मग मुक्काम ठरवा

"समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि दक्षिणेला चालत सुटायचं, पुळं आपोआप येतं." पहिल्या वर्षी मला हा सल्ला मिळाला होता आणि अजूनही दरवर्षी कुणीतरी नव्या मंडळींना तो देतंच. देणारे बहुतेक जण गाडीने गेलेले असतात. त्या सल्ल्यावर विसंबून आमच्यातला एक जण खाडीत वाहून जाता जाता वाचला, म्हणून हे सगळं नीट लिहून काढते आहे. ही वाट मी आजवर सात वेळा चालले आहे.

आपण सांगलीकडची माणसं चालायला घाबरत नाही. पंढरीची वारी घरात असते, पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला पायी जाणारे प्रत्येक गल्लीत सापडतात. त्यामुळे रोज पंधरा-वीस किलोमीटर कसं चालायचं, पाठीवर किती वजन घ्यायचं, हे मी सांगत बसत नाही. सराव म्हणून सांगली ते वाडी दोन-तीनदा करा आणि एकदा तरी हरिपूरच्या संगमावर वाळूतून तासभर चाला. डांबरावर तीन तासांत न दुखणारी पोटरी वाळूत तासाभरात बोलायला लागते.

काळ मार्गशीर्ष ते माघ. होळीनंतर जाऊ नका, कोकणातला दमट उन्हाळा आपल्या कोरड्या उन्हासारखा नसतो. पावसाळ्याचा तर विचारही नको.

जाताना सातारा, महाबळेश्वर, पोलादपूर, महाड असं एसटीने उतरता येतं. मी कृष्णेचं पाणी एका लहान बाटलीत घेऊन जाते. कृष्णा आणि सावित्री दोघी महाबळेश्वरच्या. एक आपल्या दारावरून पूर्वेला जाते, दुसरी हरिहरेश्वरापाशी समुद्राला मिळते. तिथे ते पाणी सोडलं की यात्रा सुरू झाली असं मला वाटतं.

मुक्काम आम्ही असे धरतो: हरिहरेश्वराचं दर्शन, बागमांडल्याहून फेरीबोटीने वेशवी, बाणकोट, वेळास. दुसऱ्या दिवशी केळशी, तिसऱ्या दिवशी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. मग हर्णै, मुरूड, कर्दे. पुढे लाडघर, कोळथरे, दाभोळ. दाभोळहून पुन्हा फेरीबोट (तिकडे जंगलजेटी म्हणतात), धोपावे, गुहागरचा व्याडेश्वर, वेळणेश्वर, हेदवीचा दशभुज गणेश, तवसाळ, बोटीने जयगड, आणि दहाव्या दिवशी मालगुंडवरून गणपतीपुळे. बोटींच्या शेवटच्या फेरीची वेळ आदल्या मुक्कामीच विचारून घ्या.

आता खरा विषय.

आपल्याकडे यात्रेचा शेवट तिथीवर ठरवतात. आषाढीला पंढरपूर, पौर्णिमेला वाडी, तसं चतुर्थीला पुळं. आम्हीही पहिल्या वर्षी माघी गणेश जयंतीला पुळ्यात पोहोचायचं म्हणून तिथून मागे दिवस मोजत आलो आणि पौष वद्य नवमीला हरिहरेश्वराहून निघालो. इथेच चूक झाली. किनाऱ्यावर निघायची तिथी आधी धरायची असते, पोहोचायची नव्हे.

तिसऱ्या दिवशी एकादशी होती. वारीच्या सवयीप्रमाणे पहाटे साडेपाचला केळशी सोडली आणि आठच्या सुमाराला एका लहान खाडीच्या मुखाशी आलो. नकाशात ती बोटभर रुंद दिसत होती. समोर तुडुंब पाणी. काठावर एक खारवी आजोबा जाळं दुरुस्त करत बसले होते. आम्ही वाट विचारली तर त्यांनी उलट मलाच विचारलं, "ताई, आज तिथी कोणती?"

"एकादशी. उपास आहे आमचा."

त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. "मग आत्ता सव्वाआठला भरती. दोन वाजता सुकती. दोनला या, गुडघाभर पाण्यातनं जाल."

सहा तास बसून राहायचं? उपाशीपोटी, उन्हात? अकराला पाणी उतरताना दिसायला लागलं, काठाची वाळू हातभर उघडी पडली आणि आमचा धीर सुटला. कमरेएवढं तर आहे, हात धरून जाऊ, असं ठरलं. मध्यावर गेल्यावर कळलं की पाण्याची खोली आणि पाण्याची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पायाखालची वाळू अक्षरशः काढून घेतल्यासारखी सरकत होती. माझ्या मावसभावाचे पाय सुटले, हात सुटला आणि तो समुद्राच्या दिशेने निघाला. आजोबांनी आरोळी मारली, पलीकडे होडीवर दोघं होते, त्यांनी त्याला काखेत धरून ओढला. पिशवी गेली. तो अंगावरच्या ओल्या कपड्यांत काठावर बसून थरथरत होता, ते मला अजून दिसतं.

त्या संध्याकाळी आजोबांनी जे शिकवलं त्यावर माझी पुढची प्रत्येक यात्रा आखली गेली. ते असं.

तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, दिवसाचीही आणि रात्रीचीही. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन: तीनला भरती, नऊला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. एकादशीची पाऊणपट सव्वाआठ, आजोबा पेरांवर तेच मोजत होते. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक मोजायचं. पंचांगात अमावास्येपुढे ३० लिहिलेलं असतं, पण हिशोबाला ती पंधराच धरायची. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, पाऊणपटीचा हिशोब त्यामुळेच बसतो. मुंबईपेक्षा रत्नागिरीकडे भरती थोडी आधी येते, तिथी दिवसाच्या मध्येच बदललेली असते, म्हणून अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरूनच चाला. आखणीसाठी हे पुरेसं आहे. प्रत्यक्ष त्या दिवशीची वेळ मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून किंवा फोनवरून पाहा आणि गावातल्या मच्छीमाराला विचारून पक्की करा. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे देते, तेही रोज बघा. पाऊणपटीचा हिशोब लाटांची उंची सांगत नाही.

आता त्यावरून निघायची तिथी कशी काढायची? पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून, सुखाने चालण्याची वेळ म्हणजे पूर्ण ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक. तेव्हा पाण्याच्या कडेची ओली वाळू घट्ट असते, पाऊल रुतत नाही. भरतीत तुम्ही वरच्या भुसभुशीत कोरड्या वाळूत ढकलले जाता आणि एका किलोमीटरला दोनाची दमछाक होते. ही वेळ सकाळी हवी. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या द्वितीयेला ओहोटी साडेसातला असते, मग सव्वाआठ, नऊ, पावणेदहा अशी सरकत अष्टमीला बारावर जाते. म्हणून द्वितीयेला निघा. केळशी ते लाडघर हा वाळूचा पट्टा पहिल्या पाच-सहा दिवसांत येतो आणि सकाळची ओहोटी नेमकी तेव्हाच असते. अष्टमीनंतर गुहागर तालुका लागतो, तिथे बरीच वाट सड्यावरून (जांभ्या खडकाच्या पठारावरून) आणि डांबरी रस्त्याने आहे, तिथे पाण्याची फारशी अडचण नाही.

आणखी एक. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं: भरती मोठी, पण ओहोटीही खोलवर जाते, पुळण रुंद मिळते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा भरतीही बेताची आणि ओहोटीही बेताची. "आज समुद्र शांत दिसतोय" म्हणून अष्टमीला खडकाच्या टोकाला वळसा घालायला जाऊ नका, ते टोक त्या दिवशी नीट उघडं पडतच नाही. अशा वेळी वरून पाखाडीने (दगडी पायऱ्यांच्या वाटेने) जायचं, चढ पडला तरी.

राहता राहिली चतुर्थी. आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना ती सोडवत नव्हती. पण द्वितीयेला निघालात की तिसऱ्या दिवशी चतुर्थीच असते आणि त्या दिवशी तुम्ही आंजर्ल्याला, कड्यावरच्या गणपतीपाशी असता. वद्य पक्षात निघालात तर ती संकष्टी. चंद्रोदयाला देवळाच्या आवारात उभं राहावं आणि मग खाली गावात येऊन उपास सोडावा. यापेक्षा चांगली संकष्टी मला पुळ्याच्या रांगेत कधी मिळाली नाही. तिथीची वाढ किंवा क्षय असेल तर एखादा दिवस केळशीत थांबून किंवा चाल वाढवून जुळवून घ्या.

खाडीबद्दल माझे नियम कडक आहेत आणि माझ्याबरोबर येणाऱ्याला ते पाळावेच लागतात. पूल असेल तर पूल, मग तीन किलोमीटरचा फेरा पडला तरी चालेल. होडी असेल तर होडी, पैसे मोजून. मोठ्या नदीचं मुख पायी ओलांडायचं नाही: सावित्री, केळशीच्या अलीकडची भारजा, दाभोळची वाशिष्ठी, जयगडची शास्त्री, यांत उतरायचा विषयच नाही. लहान ओहोळासारखं मुख असेल तर ओहोटी पूर्ण होत आलेली, पाणी जवळजवळ थांबलेलं असतानाच, आणि गावातला माणूस पुढे असेल तरच. सगळ्यात धोक्याचा काळ ओहोटी अर्ध्यावर असतानाचा. पाणी कमी होतंय म्हणून धीर येतो आणि ओढ नेमकी तेव्हाच सगळ्यात जास्त असते, तीही समुद्राकडे. एक वाळकी काटकी पाण्यात टाका. ती चालण्याच्या वेगाने जात असेल तर तुम्ही बसून राहायचं. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, पाय सुटलाच तर पिशवी टाकता आली पाहिजे.

हरिहरेश्वराची प्रदक्षिणा खडकांवरून, समुद्राला लागून आहे. ती ओहोटी लागलेली असतानाच करायची, पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी सुरू करून वेळेत बाहेर. द्वितीयेला सकाळी साडेसहाला सुरुवात केली की बरोबर बसतं. तिथे माणसं लाटेने ओढली गेली आहेत, फोटोसाठी कडेला थांबू नका. हेदवीला बामणघळ बघायला मात्र सगळे भरतीतच जातात, कारण अरुंद घळीतून पाणी उंच उसळतं ते तेव्हाच. लांबून बघा. घळीच्या तोंडाशी ओल्या शेवाळलेल्या खडकावर उभं राहण्यात देवदर्शन काहीच नाही.

पायांचं थोडक्यात सांगते. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर तो वाळूपुरता ठेवा. खडकांवर कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि दुपारी जांभ्याचा सडा तव्यासारखा तापतो. पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे समुद्राकडचा उजवा पाय दिवसभर खालच्या बाजूला पडतो आणि संध्याकाळी एकच गुडघा, एकच कंबर धरते. अधूनमधून वर सुरूच्या बनातल्या सपाटीवर या. मुक्कामी पोहोचल्यावर पाय गोड्या पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्यांतून वाळू काढून, पूर्ण कोरडे करा. खारं पाणी सुकलं की मांड्या आणि काखा सोलवटतात, रोज सकाळी खोबरेल लावायचंच.

वेळासला फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर रात्री पुळणीवर विजेऱ्या घेऊन फिरू नका, कासवं अंडी घालायला येतात.

राहण्या-जेवण्याची चिंता नको, देवस्थानांचे भक्तनिवास आणि घरगुती खानावळी सगळीकडे आहेत. मोठा जथा असेल तर आधी फोन करा. सांगलीचं भडंग न्याल तर लहान लहान पुड्या बांधा. मोठी पिशवी एकदा उघडली की दमट हवेत तासाभरात सादळतं. पाण्यात मीठ-साखर किंवा कोकमाचं सार दिवसातून दोनदा घ्या, घाम आपल्याकडच्यासारखा वाळत नाही म्हणून किती गेला ते कळत नाही.

दहाव्या दिवशी एकादशी असते. म्हणजे भरती सव्वाआठला, ओहोटी सव्वादोनला. सकाळी जयगडहून निघून कऱ्हाटेश्वराचं दर्शन घ्या आणि वरच्या रस्त्याने दुपारपर्यंत मालगुंड गाठा. तिथे कवी केशवसुतांचं घर आहे, त्याच्या सावलीत थांबा, घाई करू नका. दोनच्या सुमाराला खाली पुळणीवर उतरा. पाणी लांब गेलेलं असतं, ओली वाळू आरशासारखी चमकते आणि देवळाचा कळस समोर दिसायला लागतो. पुळ्याचा गणपती डोंगराच्या रूपात आहे, म्हणून प्रदक्षिणा आख्ख्या टेकडीला घालतात, साधारण एक किलोमीटर. पायांत कितीही गोळे आले असले तरी ती घाला. मग आरतीला बसा. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर आणि तिथून सांगली, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची धरा.